अल्पायुष्याची मीमांसा

आमच्या घरांतून मूल पायां पडलें कीं वडील माणसांच्या तोंडून 'शतायुषी हो' हा आशीर्वाद सहज निघतो. तो अक्षरशः खरा होईल असें देणाऱ्यासहि वाटत नसतें. परंतु सत्तर-पंचाहत्तर वर्षें तरी ह्या मुलाच्या वांट्यास येतील, असा एक मूक विश्वास त्या शब्दांमागें असतो. आमच्या सुशिक्षित घरांतील विम्याचे हप्ते, मुलांचीं शिक्षणें, निवृत्तीनंतरचे बेत, हें सारें त्या विश्वासावर उभें आहे. ज्या घरांत हा विश्वासच नाहीं तेथें आशीर्वादाची भाषा कशी असेल, हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या मनांत कधीं आला नव्हता, हें कबूल करणें भाग आहे. तो आला तो पेण येथें, आमच्या वडिलोपार्जित घराच्या पडवींत, घरांतील एका कार्याच्या दिवशीं.

गोष्ट लहानशी आहे. पावसाळ्यापूर्वीं लाकडें फोडून रचावयास व परसांतील पडझड सांवरावयास आमच्या घरीं एक कातकरी वर्षानुवर्षें येत असे. त्याची आई आमच्या आईच्या हाताखालीं भात पाखडावयास येई. तो व आम्ही एकाच पावसाळ्यांत जन्मलों, आम्ही श्रावणांत आणि तो भाद्रपदांत, असें आमची आई नेहमीं सांगे. त्या दिवशीं तो कोठें दिसेना म्हणून आम्हीं सहज विचारलें. "तो गेला कीं! दोन वर्षें झालीं," घरांतील एकानें सांगितलें. "कशानें?" "प्यायचा हो!" एवढ्यावर विषय संपला आणि पानें मांडलीं गेलीं. आम्हीहि जेवलों. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मात्र हिशेब मनांत आला. भाद्रपदांत जन्मलेला तो पन्नाशी गांठण्याच्या आंतच गेला होता. श्रावणांत जन्मलेले आम्ही रक्तदाबाची गोळी घेऊन निजलों होतों.

'प्यायचा हो' ह्या दोन शब्दांचें परीक्षण करावें हाच ह्या लेखाचा हेतु आहे. वाङ्मयविषयक मासिकांत मृत्युसंख्येची चर्चा कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, मरण ही शरीराची घटना असली तरी 'अमका अमक्यानें मेला' हें वाक्य ही भाषेची घटना आहे; आणि वाक्यांची पारख करणें हें टीकाकाराचें कामच आहे. 'प्यायचा' ह्या वाक्याचा कर्ता मेलेला माणूस आहे. मरणाचें साधनहि त्याचेंच व्यसन आहे. त्याच्या झोंपडीखालच्या जमिनीचा मालक, त्यास उचल देणारा भट्टीवाला, त्यास तपासणारा दवाखाना, त्याचें काम घेणारें आमचें घर, ह्यांपैकीं कोणाचाहि कोणत्याच विभक्तींत प्रवेश नाहीं. दोन शब्दांत एवढ्या मंडळींस निर्दोष सोडणारें वाक्य आमच्या बोलींत दुसरें क्वचितच असेल.

गरिबाच्या अकालीं मरणाविषयीं आम्ही शिकलेले लोक सामान्यतः तीन भाषा बोलतों. पहिली दैवाची: आयुष्याची दोरी तेवढीच होती. दुसरी स्वभावाची: जातच तशी, पिणारी, उधळी, उद्यांची चिंता न करणारी. तिसरी निसर्गाची: रानांतलीं माणसें, पावसाळा आला कीं तापानें, जुलाबानें, सापा-विंचवानें जायचींच. तिन्ही भाषांत करुणा असूं शकते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पहिलींत तर कधीं कधीं खरें दुःख असतें. परंतु तिन्हींचा एक गुण समान आहे. त्या मरणाचें कारण मरणाऱ्याच्या कपाळांत, रक्तांत किंवा रानांत शोधतात. त्याच्या व आमच्यामधील व्यवहारांत शोधीत नाहींत. कातकऱ्याविषयीं जें लिहिलें गेलें तें ह्या कसोटीवर घासून पाहिलें असतां काय दिसतें, तें आतां पाहूं.

स्वभावाच्या भाषेचा प्रौढ नमुना जुन्या सरकारी ग्रंथांत सांपडतो. जेम्स कॅम्बेल ह्यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या ग्याझेटियरांत ठाणें जिल्ह्याचा भाग १८८२ सालीं व कुलाबा-जंजिऱ्याचा भाग १८८३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या कुलाब्यास १९८१ पासून आपण रायगड जिल्हा म्हणतों, त्याच्या पेण व रोहें ह्या तालुक्यांविषयीं आजहि कांहीं शोधावयाचें झालें तर ह्या ग्रंथांकडेच वळावें लागतें. माहिती विपुल, मांडणी नेटकी, इंग्रजी गद्य स्वच्छ. अभ्यासकानें त्यांचें ऋण मानलेंच पाहिजे. तथापि कातकऱ्यांचें वर्णन वाचतांना एक गोष्ट खटकते. त्यांचें दारिद्र्य तेथें आहे, परंतु दारू व चोरी ह्यांच्या शेजारीं तें अशा रीतीनें बसविलेलें आहे कीं, तिन्ही लक्षणें एकाच रक्तांतून उद्भवलीं असें वाचकास वाटावें.

आतां ह्या जातीचें नांवच पाहा. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. म्हणजे धंद्यावरून पडलेलें हें नांव आहे. कुंभार, सोनार ह्यांसारखें. त्याखेरीज डोंगरउतारावर झाडोरा जाळून त्या राखेंत नाचणी-वरी पेरावयाची, ही दळीची शेती ह्या रानांत होती. १८७८ च्या जंगलकायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं. खैरावरचा हात गेला, दळी ठराविक तुकड्यांत कोंडली गेली. धंद्यावरून ज्याचें नांव पडलें त्याचा धंदा गेला आणि नांव तेवढें उरलें. ग्याझेटियरांत रानांचें प्रकरण निराळें आहे आणि लोकांचें प्रकरण निराळें आहे. दोन्ही एकाच पुठ्ठ्यांत बांधलेलीं असून एकमेकांशीं बोलत नाहींत. एका प्रकरणांत जें घडलें त्याचा परिणाम दुसऱ्या प्रकरणांत स्वभाव म्हणून वर्णिला आहे. ह्यास लबाडी म्हणण्याचें कारण नाहीं. हा रचनेचा दोष आहे, आणि रचनेचे दोष बहुधा प्रामाणिक माणसांच्याच हातून होतात. पुढें १९३४ सालीं ए. एन्. वेलिंग ह्यांनीं कातकऱ्यांवर एक स्वतंत्र समाजशास्त्रीय ग्रंथ लिहिला. ह्या भूमींतील एका अभ्यासकानें ह्या जातीस पुरें एक पुस्तक दिलें, ही मोठीच गोष्ट झाली; मात्र तें इंग्रजींत होतें, आणि ज्या घरांच्या ओटीवर कातकरी लाकडें फोडीत होता त्या घरांतील बहुतेकांच्या वाचनांत तें आलें नाहीं.

येथून वाचकांस एकदम अमेरिकेंत नेण्याची परवानगी आम्ही मागतों; आणि ह्या प्रवासाची वाट मराठी वाङ्मयानेंच पूर्वीं घालून दिलेली आहे. जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हां ती त्यांनीं अमेरिकेंतील त्या सज्जनांस अर्पण केली, ज्यांनीं काळ्या लोकांच्या दास्यमुक्तीसाठीं स्वार्थत्याग केला होता. पुण्यांत बसून लिहिणाऱ्या ग्रंथकारास सातासमुद्रांपलीकडील दास्य व आपल्या शेजारचें दास्य हीं एकाच जातीचीं दिसलीं. तेव्हां त्या मुक्त झालेल्या लोकांचें पुढें काय झालें, हें पाहणें अप्रस्तुत ठरणार नाहीं.

दास्य संपून तीस वर्षें झाल्यावर, १८९६ सालीं, फ्रेडरिक हॉफमन नांवाच्या एका विमातज्ज्ञानें काळ्या अमेरिकनांच्या वंशलक्षणांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ एका मोठ्या विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ होता. काळ्यांचा मृत्युदर गोऱ्यांहून फार अधिक आहे, हें त्यानें कोष्टकांमागून कोष्टकें देऊन दाखविलें. आणि त्यावरून निष्कर्ष असा काढला कीं, ह्या वंशाच्या रक्तांतच क्षय आहे, हा वंश ऱ्हासास लागला आहे. आंकडे बरेचसे खरे होते. चूक आंकड्यांपासून कारणाकडे जाण्याच्या त्या एका पावलांत होती. शिवाय ज्याचें आयुष्य कमी त्याचा विमा उतरणें तोट्याचें, हा व्यावहारिक उपदेशहि त्या शास्त्रांत आपोआप येऊन बसला.

ह्या ग्रंथास उत्तर कोणत्या रूपानें मिळालें हें आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. पुढच्याच वर्षीं, १८९७ सालीं, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस ह्या तरुण कृष्णवर्णी पंडितानें एका विद्वन्मान्य नियतकालिकांत त्याचें परीक्षण लिहिलें. म्हणजे उत्तर दिलें तें पुस्तक-परीक्षणानें. त्याची युक्ति अगदीं साधी होती. युरोपांतील कांहीं शहरांचे मृत्युदर त्यानें पुढें मांडले. तेथील गोरे लोक अमेरिकेंतील शहरी काळ्यांइतकेच, कांहीं ठिकाणीं त्यांहूनहि अधिक प्रमाणांत मरत होते. मग गोऱ्यांचाहि वंश ऱ्हासास लागला आहे असें कोणी कां म्हणत नाहीं? तेथें मात्र गटारें, गर्दी, मजुरी व अन्न हीं कारणें लगेच सुचतात. एकच आंकडा एका माणसाजवळ वस्तीचा दोष ठरतो आणि दुसऱ्याजवळ रक्ताचा. पुढें १८९९ सालीं फिलाडेल्फिया शहरांतील काळ्या वस्तीवर डू बॉइसनें जो ग्रंथ लिहिला त्यांत घरोघर हिंडून त्यानें हेंच सिद्ध केलें. त्याच वर्षीं त्याचा पहिला मुलगा, दोन वर्षांचाहि नसतां, घटसर्पानें गेला. त्या मृत्यूवर त्यानें १९०३ च्या आपल्या निबंधसंग्रहांत एक प्रकरण लिहिलें आहे. कोष्टकें करणारा व विलाप करणारा हात एकच आहे, आणि एकानें दुसऱ्यास कोठेंहि खोटें पाडलेलें नाहीं, हें त्या लेखकाचें मोठेपण आम्हांस वाटतें.

काळानें निवाडा कोणाच्या बाजूनें दिला? १९०० सालीं अमेरिकेंत जन्मलेल्या गोऱ्या मुलाचें अपेक्षित आयुष्य ४६.६ वर्षें व गौरेतर, म्हणजे मुख्यतः काळ्या, मुलाचें ३२.५ वर्षें होतें. चौदा वर्षांचें अंतर. २०१९ पर्यंत काळ्या व गोऱ्या पुरुषांतील हें अंतर पांच वर्षांच्या आसपास आलें. एवढ्या अवधींत रक्त बदललें नाहीं; कायदे, पाणी, दवाखाने व मजुरी हीं बदललीं. आणि जीं पांच वर्षें अजून उरलीं आहेत तीं, जें बदललें नाहीं त्याची मोजदाद आहेत.

येथें एक चौथी भाषा पुढें येते आणि ती आम्हां सुधारकी वृत्तीच्या लोकांस विशेष आवडते. ती म्हणते, 'हें सारें दारिद्र्यामुळें आहे. दारिद्र्य गेलें कीं हेंहि जाईल.' ही भाषा पहिल्या तिहींहून पुष्कळ बरी आहे, परंतु तीहि पुरी नाहीं. १९९० सालीं मॅकॉर्ड व फ्रीमन ह्या दोन डॉक्टरांनीं न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीविषयीं असें दाखविलें कीं, तेथील काळ्या पुरुषास पासष्टावें वर्ष गांठण्याचा संभव बांगलादेशांतील पुरुषाहूनहि कमी होता. पैशांनीं पाहिलें तर हार्लेमचा माणूस बांगलादेशी शेतकऱ्याहून किती तरी सधन. तरी तो आधीं मरत होता. मरणाच्या कारणांत हृदयविकार होता, खून होते, आणि यकृताचा दारूनें होणारा विकारहि होता. म्हणजे तेथेंहि कोणी तरी 'प्यायचा हो' म्हणतच असेल.

आपल्या देशांतील आंकडे ह्याच दिशेनें बोलतात. डॉ. अभय बंग ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें आदिवासींच्या आरोग्यावर २०१८ सालीं जो अहवाल दिला त्यांत आदिवासींचें अपेक्षित आयुष्य ६३.९ वर्षें व सर्वसाधारण जनतेचें ६७ वर्षें असें दिलें आहे. २०२२ सालीं संगीता व्यास, पायल हाथी व आशीष गुप्ता ह्यांनीं नऊ राज्यांच्या पाहणीवरून लिहिलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाहीं. परंतु तत्त्व सर्वत्र लागू पडण्याजोगें आहे. उच्चवर्णी हिंदूंहून आदिवासींचें आयुष्य चार वर्षांहून अधिक व दलितांचें तीन वर्षांहून अधिक कमी, आणि ह्या अंतराचा निम्म्याहून कमी भाग आर्थिक स्थितीनें उलगडतो, असें त्यांत आढळलें. उरलेला अर्ध्याहून मोठा भाग कशाचा? सारखेच गरीब असलेल्या दोन माणसांपैकीं एकास लवकर मारणारी ती वस्तु कोणती?

पेण-रोह्याकडे पाहिलें तर ती वस्तु डोळ्यांना दिसते. कातकऱ्यांच्या पुष्कळ वाड्या ज्या जमिनीवर आहेत ती जमीन त्यांची नाहीं. गांव एकीकडे, वाडी दुसरीकडे. पायाखालची जागाच परक्याची असल्यावर पक्कें घर बांधतां येत नाहीं, नळ मागतां येत नाहीं, संडास होत नाहीं. आणि मुंबईच्या वाढीबरोबर जमिनीचे भाव चढले कीं उठविलें जाण्याचें भय निराळेंच. दिवाळी झाली कीं उचल घेतलेलीं कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. नवरा-बायकोची जोडी धरली जाते, मजुरी विटांच्या हजारांवर मोजली जाते, आठवड्यास खर्ची मिळते आणि हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. त्या हिशेबांत पुष्कळदां उचलच शिल्लक राहते, म्हणजे पुढचें वर्ष आधींच विकलें गेलेलें असतें. वेठबिगारी कायद्यानें १९७६ सालीं बंद झाली. उचल मात्र चालूच राहिली. मुलांची शाळा व तान्ह्यांच्या लशी ह्यांची त्या सहा-सात महिन्यांत काय वाट लागते तें सांगावयास नको. आणि आजारी माणूस दवाखान्यांत गेलाच तर, त्याच्या कपड्यांकडे व बोलीकडे पाहून त्यास बाकाच्या कोणत्या टोकास बसवावयाचें हें ठरतें. ह्यास केवळ दारिद्र्य म्हणतां येणार नाहीं. ही पायरी आहे. आणि पायरी ज्यानें त्यानें स्वतः बांधलेली नसते.

ही पायरी दाखविणारें वाक्य मराठींत लिहिलें गेलें आहे काय? गेलें आहे, आणि ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. गोदावरी परुळेकर ह्यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें पुस्तक १९७० सालीं निघालें व १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्यांतील लोक ठाणें जिल्ह्यांतले वारली आहेत, कातकरी नव्हेत. परंतु वेठ व कर्ज दोघांसहि सारखेंच ओळखीचें. ह्या पुस्तकाची थोरवी त्याच्या त्वेषांत आहे असें पुष्कळ जण मानतात. आमच्या मतें ती त्याच्या वाक्यरचनेंत आहे. तेथें दुःखास कर्ता आहे. सावकार आहे, जमीनदार आहे, जंगलचा ठेकेदार आहे. आणि पुस्तकाच्या नांवांत तर माणूस स्वतःच कर्ता झाला आहे. उणीव काढावयाचीच तर एवढी कीं, चळवळीच्या कथेस झुंज हवी असते. आणि खोकल्यानें, उपासमारीनें, पांच-पांच वर्षें हळूहळू होणाऱ्या मरणांत झुंज नसते. तें मरण अशा कथेंतून सहज निसटतें.

तें मरण जवळून पाहणारा मनुष्य डॉक्टरच असावा लागतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांचें 'बॅरिस्टरचं कार्टं' हें आत्मचरित्र ह्या दृष्टीनें वाचनीय आहे. ते १९७६ सालीं ह्या जिल्ह्यांतील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत आले तेव्हां लाल विंचू चावून माणसें मरणें ही कोंकणांतील रीतच होती. विंचू कोणास चावतो? अनवाणी चालणाऱ्यास, भाऱ्यांत हात घालणाऱ्यास, जमिनीवर निजणाऱ्यास. गंभीर रुग्णांपैकीं चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक दगावत, आणि लोक म्हणत, दैव. बावस्करांनीं रात्र रात्र रुग्णांजवळ बसून त्या मरणाचें कारण हृदयांत शोधलें आणि प्राझोसिन हें औषध देऊन पाहिलें. १९८६ सालीं 'लॅन्सेट' ह्या विख्यात वैद्यकीय पत्रांत त्यांचा लेख आला. मृत्यूचें प्रमाण पुढें शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. हें प्राझोसिन म्हणजे रक्तदाबावरचें जुनें, साधें औषध. आमच्या उशाशीं असते त्याच कुळींतील गोळी! ज्यास पिढ्यान्‌पिढ्या दैव म्हटलें तें शहरांतील दुकानाच्या फळीवर पडलेलें होतें. बिरवाडीपर्यंत तें कोणी नेलें नव्हतें एवढेंच. निसर्गाच्या भाषेस ह्याहून निर्णायक उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरें पुस्तक म्हणजे एक अहवाल आहे; परंतु त्याचें नांव काव्यमय आहे: 'कोवळी पानगळ'. महाराष्ट्रांतील बालमृत्यूंविषयींच्या ह्या अहवालानें २००१ सालीं हें उघड केलें कीं, सरकारी नोंदींतील बालमृत्यू प्रत्यक्षाहून फारच थोडे आहेत. म्हणजे कित्येक मुलें मेलीं तीं कागदावरहि न येतां मेलीं. नांव प्रथम वाचलें तेव्हां आम्हीं नाक मुरडलें. पानगळ ऋतूची असते. हीं मुलें काय ऋतूनें मेलीं? मग विशेषणाकडे लक्ष गेलें. पानगळ पिकल्या पानांची होते, कोवळ्यांची होत नाहीं. एका विशेषणानें त्या नांवांत निसर्गाचा नियम मोडला आहे, आणि नियम मोडला तर मोडणारा कोणी तरी असलाच पाहिजे. टीकाकारानें घाईनें नाक मुरडूं नये, हा धडा आम्हांस तेथें मिळाला.

आतां आक्षेपांचा विचार करूं. कातकऱ्यांत दारू आहे, तिनें माणसें मरतात आणि तिचा पहिला मार बायकोस बसतो, हें खोटें नव्हे. तें लपवून लिहिणारा लेखक त्या बायकांचाच द्रोह करितो. परंतु दारू हें कारणाचें शेवटचें टोक आहे. तेथेंच थांबणें म्हणजे कादंबरीचें शेवटचें पान वाचून तिचें परीक्षण लिहिणें. दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. कांहीं रोग रक्तांतूनच येतात, मग त्यास समाज काय करणार? ह्यास सिकलसेलचें उदाहरण पुरेसें आहे. हा रक्तदोष आफ्रिकी वंशाच्या लोकांत आहे, आणि १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत आढळल्यापासून भारतांतील अनेक आदिवासी व दलित जातींत तो असल्याचें कळून आलें आहे. दोष आई-बापांकडून येतो, हें खरें. परंतु तो घेऊन जन्मलेलें मूल पांचव्या वर्षीं जाईल कीं नातवंडें पाहील, हें वेळेवर झालेल्या रक्ततपासणीवर, पेनिसिलिनवर, लशींवर व औषधांवर अवलंबून असतें. रक्त रोग देतें. आयुष्य किती द्यावयाचें तें बरेचसें समाज ठरवितो.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या रात्रीनंतर पुढच्या खेपेस आम्ही त्या कातकऱ्याच्या वाडीवर गेलों. ती आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. पन्नास वर्षांत आम्ही तेथें प्रथमच जात होतों. बायको भट्टीवर गेली होती. थोरला मुलगा पाय दुखावल्यामुळें मागें राहिला होता, तो भेटला. बाप कशानें गेला, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "खोकला व्हता, दादा. दोन पावसाळं." दवाखान्यांत नेलें होतें काय? दोनदां नेलें होतें. दोनदां तपासणीसाठीं पुढच्या गांवीं जा म्हणून सांगितलें. तिसऱ्या वेळीं जावयाचें तर भट्टीचें काम सोडावें लागतें, आणि उचल फिटली नव्हती. "पीत होता म्हणतात," आम्हीं धीर करून म्हटलें. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "प्यायचा. पर खोकला आधीं व्हता."

आमच्या घरांतील वाक्यांत कारणाचा क्रम उलटा झाला होता. त्या मुलानें तो नीट लाविला. एवढीच दुरुस्ती आम्ही आमच्या लेखकांकडून व वाचकांकडून अपेक्षितों. कथा, कादंबरी, चरित्र, वर्तमानपत्रांतील चार ओळी, किंवा पंगतींतील एक वाक्य, कोठेंहि गरिबाचें मरण आलें तर तीन गोष्टी विचाराव्या: त्याचें वय काय होतें, त्याआधीं काय झालें होतें, आणि त्यांत आपण कोठें होतों.

मराठी समाजास हें विचारतां येतच नाहीं असें नव्हे. २५ सप्टेंबर १९३० रोजीं ह्याच जिल्ह्यांतील चिरनेर येथें जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यांत नाग्या महादू कातकरी हा पडला. त्याचें नांव बापाच्या नांवासह हुतात्म्यांच्या यादींत आहे, आणि तो कोणाच्या गोळीनें व कोणत्या रानासाठीं गेला हें शाळेंतील मुलेंहि सांगतात. तेथें कोणी दैव म्हणत नाहीं, स्वभाव म्हणत नाहीं. गोळीनें मेलेल्या एका कातकऱ्यास जें पूर्ण वाक्य आपण दिलें, तें खोकल्यानें मेलेल्यांसहि मिळालें पाहिजे. आमच्या परसांत चाळीस वर्षें लाकडें फोडणाऱ्याचें आडनांव आम्हांस त्या दिवशीं त्याच्या मुलाकडून प्रथम कळलें. तें येथें छापणें उचित नव्हे. परंतु घरच्या वहींत, जेथें आमच्या वडिलांच्या निधनाची तिथि लिहिलेली आहे, तेथें खालीं आम्हीं त्याचें नांव, वय व कारण लिहून ठेविलें आहे.